गुणगुण

"आधी प्लग काढ. मग तोंड उघड."
त्सियाला मावशीचा हा पहिला धडा, आणि दुसराही हाच.
तिसरा: एक हात खिशात.
दोन्ही हात यंत्रात घालणाऱ्याच्या छातीतून
वीज आपली वाट काढते, म्हणायची ती
सूर्यफुलाच्या बिया फोडत.

कुताइसीत त्या हिवाळ्यात वीज दिवसाला दोन तास.
कधी पहाटे चारला, कधी नाहीच.
बॅटऱ्या पावाहून महाग.
आणि माझ्या कोटात एक कॅसेट,
थेस्सालोनिकीहून बसच्या ड्रायव्हरने आणलेली,
वर आईच्या अक्षरात: बाद्रीसाठी.
तिथे ती कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला
भरवायची, पुसायची, उठवून बसवायची.

मावशीने मेलेल्या टीव्हीचं पोट उघडलं.
आतला ट्रान्सफॉर्मर विटेएवढा, मेणाचा वास येणारा.
"दोनशे वीस इकडून आत,
सहा आणि वर थोडे तिकडून बाहेर.
मधे तार जोडलेली नाही, बघ.
शिवाशिव नाही. नुसता लोखंडातून निरोप जातो."

भिंतीतल्या विजेला म्हणे कुठे पोचायचंच नसतं.
सेकंदाला पन्नासदा उंबऱ्याशी येते
आणि येरे माझ्या मागल्या.

म्हणून चार डायोड,
पत्र्याचे, अंगावर बाण छापलेले.
चौघांची चौकट. तिला मावशी पूल म्हणायची.
रिओनीवरच्या पुलावरून लोक येतातही आणि जातातही,
या पुलावर कुणीही कुठूनही येवो,
बाहेर पडायचं एकाच दाराने.

एक बाण मी उलटा जोडला.
टप्.
फ्यूजच्या काचेत काळा डाग.
मला वाटलं, आता कान उपटेल.
"त्याने त्याचं काम केलं," ती म्हणाली, "तू तुझं कर.
नोदारने फ्यूजच्या जागी खिळा बसवला होता.
त्याच्या चाळिसाव्या दिवशी मी पाव घेऊन गेले होते."

वीज आली रात्री साडेनऊला.
कॅसेट फिरली, आणि आई
मधमाश्यांच्या पेटीत बसून बोलू लागली.
घर्रर्र, त्यात कुठे माझं नाव,
कुठे "बूट", पुन्हा घर्रर्र.

"दोन लाटांमधला खड्डा बुजला नाहीये."
मावशीने फळीवरून मोठा कपॅसिटर काढला,
अंगठ्याहून जाड, ॲल्युमिनियमचा.
"हा लाट आली की पिऊन घेतो,
ओसरली की स्वतःतलं ओततो.
याचे पाय उलटे लावू नकोस, फुगून फुटेल.
आणि भरलेला असताना बोट नको."
प्लग काढला. डाग दिला. फुंकर. प्लग लावला.

आता आवंढासुद्धा ऐकू आला.
बशीवर चमचा. पलीकडच्या खोलीतून
एका म्हातारीची हाक, आणि आईचं उत्तर
मला न कळणाऱ्या भाषेत, तिच्याच आवाजात.
मग बूट कसे आहेत, घट्ट होतात का,
आजोबांवर ओरडू नकोस,
मग बरंच काही नाही.

"मावशी, गुणगुण अजून आहे."
तिने मीटरच्या सुया टेकवल्या. काटा हलेना.
मग स्पीकरला कान लावला,
बी दाढेखालीच राहिलं.
"ही माझी नाही," ती म्हणाली.
"विजेची गुणगुण सूर बदलत नाही.
ही तुझ्या आईची आहे."

बोलणं संपलं होतं, टेप उरली होती.
बंद करायचं विसरून ती भांडी घासत होती
आणि घासता घासता काहीतरी गुणगुणत होती
ज्याला शब्द नव्हते, किंवा नळाखाली वाहून गेले होते.

तेवढ्यात वीज गेली.
कपॅसिटरमध्ये होतं तेवढंच आलं,
अर्धा सूर.
तो जड झाला, पुरुषी झाला, बुडाला.

अंधारात बी फुटल्याचा आवाज.
"प्लग काढ," मावशी म्हणाली.
मी काढला.
दुसरा हात खिशातच होता.